सात रस्त्यावर धावून आलेल्यांचे आभार

रविवारी भर उन्हात सात रस्ता चौकात आमची जुनी मोटार, स्टँडर्ड हेरल्ड, बंद पडली. धक्का मारून ती कडेला लावणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. त्यातही त्या चाचांचे. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरलीय हे त्यांनी लगेच ओळखलं, खांद्यावरचा सोलापुरी टॉवेल भिजवून पंपावर गुंडाळला आणि म्हणाले, "थांबा की ओ, निवू द्या तिला जरा."

तोवर मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उघडतं हे बघायला ही गर्दी! इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचं डिझाइन, मद्रासची बांधणी, इंजिन ९४८ सीसी. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. पण जेमतेम २५ फुटांत वळते. (विकणार का, असं विचारणाऱ्या काकांना: नाही!)

चाचा, तुमचं नाव ठाऊक नाही. टॉवेल धुऊन तिथल्याच चहाच्या गाडीवर ठेवलाय, घेऊन जा.