कार्यपत्रिका पाठवण्याआधी

महोदय,

विज्ञान शिकवण्यासाठी ज्युपिटर नोटबुकमध्ये (मजकूर आणि चालणारा कोड एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये) केलेल्या कार्यपत्रिका शिक्षक एकमेकांना देऊ लागले आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण करणाऱ्याच्या संगणकावर बिनतक्रार चालणारी फाइल दुसऱ्याच्या वर्गात पहिल्या-दुसऱ्या सेललाच (कोडच्या कप्प्यालाच) अडते आणि अख्खा तास जातो.

नोटबुकमधले सेल कोणत्याही क्रमाने चालवता येतात, आणि सेल पुसला तरी त्यातल्या चलाची किंमत मेमरीत तशीच राहते. त्यामुळे करणाऱ्याला स्वतःची चूक दिसतच नाही. पाठवण्यापूर्वी कर्नल, म्हणजे कोड चालवणारा भाग, रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवून पाहावेत. निरीक्षणांची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून कोडमध्ये तिचे नुसते नाव लिहावे, आपल्या ड्राइव्हचा पूर्ण पत्ता नव्हे. लायब्ररींच्या (कोडमध्ये वापरलेल्या तयार संचांच्या) आवृत्त्याही नोंदवाव्यात. नमपाय या गणिती लायब्ररीच्या १.२४ आवृत्तीत ‘एनपी.फ्लोट’ हे नाव काढून टाकले, तेव्हापासून ते वापरणारा जुना कोड तिथेच थांबतो.

विज्ञानाच्या बाजूनेही तपासणी हवीच. लंबकाचे उदाहरण घ्या. साध्या ऑयलर पद्धतीने, म्हणजे दर छोट्या कालपावलाला जुन्याच वेगाने पुढचे स्थान काढून, गणित केले की दर पावलाला ऊर्जा थोडी वाढते, लंबक प्रत्येक झोक्याला आणखी वर चढतो आणि मुलांना तो निसर्गनियमच वाटतो. आधी वेग बदलावा, मग त्याच नव्या वेगाने स्थान काढावे, पाऊल ०.०१ सेकंदाचे ठेवले तर ऊर्जा आटोक्यात राहते. १ मीटर लंबकाचा आयाम (झोक्याचा कमाल कोन) ५ अंशांवरून ६० अंशांवर नेला तर आवर्तकाल सुमारे २.०१ सेकंदांवरून २.१५ वर जातो. पण आयाम बदलणारा स्लायडर हलवण्याआधी मुलांनी आपला अंदाज लिहायला हवा, त्यासाठी एक रिकामा सेल ठेवावा. माझ्या मते कार्यपत्रिकेतला सर्वांत मोलाचा सेल तोच. त्याच कारणाने फाइल देताना जुनी आउटपुट पुसावीत, नाहीतर उत्तरे आधीच समोर असतात.

काही बसवायचे नसेल तर बाइंडर या ऑनलाइन सेवेवर ब्राउझरमध्ये काम होते. मात्र तिथे सुमारे १० मिनिटे काही हालचाल झाली नाही की सत्र बंद पडते आणि केलेले बदल जातात. मुलांना फाइल वेळोवेळी उतरवून घ्यायला सांगावे.

शेवटी परवाना. तो लिहिलेला नसेल तर कार्यपत्रिका बदलून पुढे द्यायची मोकळीक इतरांना मिळत नाही. मजकुरासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स आणि कोडसाठी एमआयटी परवाना, असे पहिल्याच सेलमध्ये लिहून ठेवावे.

— एक विज्ञानशिक्षक