सँग्विनची चिठ्ठी

सांगली, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुला पुण्याच्या गाडीत बसवून घरी आलो, तर तुझ्या जीआरईच्या शब्दांच्या चिठ्ठ्या टीव्हीवरच राहिलेल्या. उद्या कुरिअर करतो. रिपोर्टचं काही लिहिणार नाही. आई म्हणाली, आता पुरे.

चिठ्ठ्या चाळल्या. अक्षर देखणं, पण एक शब्द नि एक अर्थ, एवढंच. असं टिकत नाही गं. शब्द त्याच्या सोबत्यांसकट उचलावा. आपला चहा कडक आणि पाऊस जोराचा. इंग्रजीत चहा स्ट्राँग, पण पाऊस हेवी. चहावरून आठवलं, लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी घे. लिहिलंच शेवटी.

शब्दांची मुळं धर. लॅटिनमध्ये 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट. बेनिफिट, बेनिव्हलंट, मॅलिस, मॅलेव्हलंट, मॅलन्यूट्रिशन. शेवटचा मुद्दाम नाही घातला. आजचा शब्द उद्या बघ, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. माणूस किती लवकर विसरतो, हे एबिंगहाउस नावाच्या जर्मनाने 1885 मध्येच मांडून ठेवलंय. रात्री दोनपर्यंत जागून दीडशे शब्द कोंबायचे, आणि ते या अशा रक्तावर?

बघ, मास्तरकी सुरू झाली. राग मानू नकोस. मार्केट यार्डात हळदीच्या पट्ट्या लिहिणाऱ्याने तुला इंग्रजी शिकवावं! माझी डिक्शनरी आठवते? 2019 च्या पुरात फुगून उशीएवढी झालेली. गच्चीवर वाळवली तरी एमची पानं चिकटलेलीच. तू नववीत होतीस, ब्लेड घेऊन तासभर बसलीस आणि ओरडलीस, "अप्पा, मदर सुटली!" 'मॅल'ची पानं अजून बंदच आहेत. पोरगी अमेरिकेची परीक्षा देतेय, हे यार्डात हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय माझं.

गठ्ठ्यात सगळ्यात खाली 'सँग्विन' होता. तू अर्थ लिहिलायस आशावादी. मूळ शब्द रक्ताचा आहे. युरोपातले जुने वैद्य म्हणायचे, अंगात रक्त भरपूर तो माणूस उमेदीचा. बाईमाणसाला हिमोग्लोबिन बारा तरी हवं, मनू. तुझं नऊ.

महिन्याने तपासणी आहे, पैसे खात्यावर टाकलेत. कुरिअरमध्ये आईने खजूर घातलाय, मैत्रिणींना वाटून टाकू नकोस. सँग्विनची चिठ्ठी मी ठेवून घेतलीय. तू दुसरी कर.

तुझा,
अप्पा