मांडव मळ्यातच घालूया

शिवाजी पेठ,
कोल्हापूर

प्रिय भावा,

फोनवर तू तुझ्या लग्नाच्या खर्चाचा हिशेब सांगत होतास तेव्हा मी नुसता हूं हूं करत होतो, कारण तुझे मामा मागून बोलत होते ते मला ऐकू येत होतं. ‘एकदाच होतंय लग्न, लोक काय म्हणतील.’ त्यांच्यासमोर वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, आणि पटलं तर तुझ्या होणाऱ्या बायकोलाही वाचायला दे.

दोन लाख रुपये आहेत, ते तुम्ही दोघांनी मिळून साठवलेत आणि कर्ज काढायचं नाही असं तुमचं ठरलंय. यावरून तसूभरही हलू नकोस. लग्नासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचं आणि पुढं दोन-तीन हंगाम उसाचं बिल आलं की आधी हप्ता वळता व्हायचा, हे मी आमच्या भावकीतच बघितलंय. पोरगी नांदायला गेली, तिचं पोरगं बालवाडीत जायला लागलं, तरी बाप मांडवाचे पैसे फेडतोय. ज्यांच्यासाठी तो थाट केला त्यांना आता जेवणात काय होतं तेही आठवत नाही.

आता माझं म्हणणं सांगतो. खर्च कमी करायचा म्हटलं की पुण्यातले तुझे मित्र म्हणणार, पन्नास माणसांत उरकून टाक. मला ते पटत नाही. माणसं कमी करू नकोस, मानपान कमी कर. 2019 च्या महापुरात रात्री छातीभर पाण्यातनं तुमच्या गोठ्यातली जनावरं ज्यांनी बाहेर काढली, त्यांना न बोलावता तुझं लग्न कसं होणार? तुझे बाबा गेले तेव्हा ज्या घरांतनं पंधरवडाभर तुमच्याकडं भाकरी येत होती, त्यांना तू व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणार का? ही माणसं यायलाच हवीत. आणि त्यांना जेवू घालायला फार पैसे लागत नाहीत. पैसे जातात ते दुसरीकडंच.

ते कुठं जातात, बघ. हॉलचं भाडं, स्टेजची सजावट, एलईडी स्क्रीन, ड्रोन, प्री-वेडिंगचं शूटिंग, डॉल्बी आणि भाड्याचे शंभर-दीडशे फेटे. पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो माइकवरचा सत्कार. अक्षतेची वेळ टळून गेलेली असते, नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून उभी असतात, आणि माइकवर नावं पुकारली जात असतात. अमुक साहेबांचा सत्कार तमुक साहेबांच्या हस्ते, फेटा, शाल, नारळ. एक साहेब यायचे राहिलेत म्हणून सगळं थांबलेलं. खाली म्हाताऱ्या बायका कधीच्या हातात अक्षता धरून बसलेल्या असतात, त्यांच्या तळहाताला कुंकवाचा रंग लागतो. आणि एवढं करून कुणाचं तरी नाव राहतंच, मग तो रुसून न जेवता जातो. तुमच्या लग्नात माइकच नको. एकाचाही सत्कार केला नाही की कुणाचाच अपमान होत नाही.

जागेचं म्हणशील, तर तुमचा मळा आहेच. घरापुढच्या वाफ्यातला ऊस मार्चपर्यंत तुटून जाईल, आणि यंदा खोडवा (तुटल्या उसाचा फुटवा) मोडणार असं तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणत होत्या, म्हणजे रान मोकळंच. पाला न पेटवता बाजूला ओढून घ्यायचा, एकदा रोटर मारून पाणी शिंपडलं की बसायला जमीन होते. एप्रिलात दुपारी ऊन असतं आणि वळवाचा भरवसा नसतो, म्हणून कार्य संध्याकाळी ठेवा आणि जेवणाच्या बाजूला तेवढं पत्र्याचं शेड घाला. वरनं ताडपत्री नको, वारं सुटलं की ती पहिली उडते. कंजूषपणा दोन गोष्टींत करू नकोस: पाण्याचा टँकर, आणि बायकांसाठी फिरती स्वच्छतागृहं. मळ्यातल्या लग्नात बायका दिवसभर पाणी न पिता राहतात, कारण जायला जागा नसते. स्टेजच्या फुलांपेक्षा हा खर्च कितीतरी मोलाचा आहे.

जेवण. इथं मी थोडा रेंगाळणार, कारण आमच्या काकांचं आयुष्य चुलवणावर गेलंय आणि मी त्यांच्या हाताखाली वाढलोय. तो बुफे, चायनीजचा स्टॉल, पाणीपुरी, तीन प्रकारचं पनीर, हे सगळं काढून टाक. पंगत घाल. भात, आमटी, वांग्याची भाजी, चपाती आणि खपली गव्हाची खीर. बास. शंभर पानांना दहा-बारा किलो तांदूळ धर. आमटी मात्र कटाच्या वळणाची, कांदा-खोबरं भाजून वाटलेली, वर लाल तवंग आलेली हवी. खिरीचं काम आदल्या दिवशीच सुरू होतं. खपली सडून घ्यायची, रात्रभर भिजवायची आणि पहाटेपासून मंद जाळावर शिजत ठेवायची. दाणा बोटानं चेपला की मऊ लागला पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. मग आपला गूळ, वर खसखस, सुकं खोबरं, वेलदोडा, जायफळ. गूळ आधी घातला तर गहू शिजत नाही, म्हणून काका त्या वेळी दुसऱ्या कुणाला काहिलीजवळ येऊ देत नाहीत. ही खीर खाऊन उठलेला माणूस पनीर कुठं होतं असं विचारत नाही. भाजी चिरायला गल्लीतल्या बायका येतील, वाढायला तालमीतली पोरं आहेत. मी त्यांना सांगून ठेवलंय.

पत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं छापा, पण कुणी तांदळाचं पोतं, दुधाचा कॅन, गुळाची ढेप आणतो म्हणाला तर नको म्हणू नकोस. आपल्या आज्यांच्या काळात लग्न असंच उभं राहायचं. घरटी कुणीतरी काहीतरी घेऊन यायचं, आणि त्यामुळं ते लग्न त्यांचंही असायचं. टॉवेल-टोपीच्या आहेरात तसं काही उरलेलं नाही, तीच टोपी पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

आता कायद्याचं. तुमच्या दोघांच्या जाती वेगळ्या आहेत म्हणून नव्हे, तर कागद पक्का असावा म्हणून 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करा असं मी सुचवेन. त्यात जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांना नोटीस द्यावी लागते. नोटिशीच्या आधी दोघांपैकी एक जण निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. ती इचलकरंजीत राहते, त्यामुळं कोल्हापुरात ते जमून जाईल. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला 11 एप्रिल धरायची आहे, तर फेब्रुवारी संपायच्या आत नोटीस गेली पाहिजे. तीन साक्षीदार लागतात. काकू, तिचे वडील आणि मी.

तू विचारलंस की घरी विधी करून नंतर नुसती नोंदणी केली तर चालेल का. चालतं, पण एक ध्यानात घे. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न धरायचं तर विधी खरोखर झालेला असावा लागतो. विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये स्पष्ट केलंय. विशेष विवाह कायद्यात हा प्रश्नच येत नाही. तिथं विधी कोणताही करा, पण अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं तोंडानं बोलायचं असतं, तेही आपल्याला समजणाऱ्या भाषेत. मला ही अट फार आवडते. किती नवरा-नवरींना आपल्या लग्नात काय बोललं गेलं ते कळलेलं असतं?

आंतरजातीय विवाहाला सरकारकडून मिळणाऱ्या 50,000 रुपयांबद्दल मामा बोलले होते. तुम्ही त्या योजनेत बसता, तेव्हा अर्ज जरूर करा. पण तो लग्नानंतर करायचा असतो आणि पैसे हातात यायला वेळ लागतो, म्हणून दोन लाखांच्या हिशेबात ते धरू नकोस.

कचेरीतलं काम दहा तारखेला उरकायचं आणि अकराला संध्याकाळी मळ्यात सगळ्यांसमोर शपथ घ्यायची. ती अकरा तारखेसाठी का अडून बसलीय ते तू सांगितलंस तेव्हा मला तिच्याबद्दल फार आदर वाटला. जोतिबा फुल्यांची जयंती. 1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात. जोतिबांनी घालून दिलेल्या पद्धतीत नवरी नवऱ्याला स्त्रियांच्या हक्कांबद्दल जाब विचारते, आणि ते मानीन असं त्याला सगळ्यांदेखत कबूल करावं लागतं. आणि हे काही बाहेरनं आलेलं फॅड नाही, हे मामांना सांग. शाहू महाराजांनी हा विचार कोल्हापुरात रुजवला आणि 1919 मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा आपल्या संस्थानात केला. देशाचा 1954 चा कायदा व्हायला अजून पस्तीस वर्षं होती. मामा बिंदू चौकात उभे राहून शाहूंचं नाव घेतात, त्यांना हे पटेल. शपथ मात्र कुठनं उतरवून काढू नका, दोघं बसून लिहा. पैशांचे व्यवहार एकमेकांना दाखवून करू, दोन्हीकडच्या आईबापांना सारखं बघू, असं रोजच्या जगण्यातलं त्यात येऊ दे.

आता जे लिहायला खरं म्हणजे बसलो होतो ते. काकू.

तू बोलला नाहीस, पण मला माहीत आहे की हळदीच्या दिवशी काकू विधवा म्हणून मागं सरतील. कुणी सांगायची गरजही लागत नाही, त्या आपणहून सरतात. माझ्या ताईच्या लग्नात आत्या अशीच स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ताईला तिनं लहानाची मोठी केलेली, पण घाणा भरायला पाच सवाशिणी बोलावल्या त्यात ती नव्हती. मुसळाला हळकुंड बांधलं, ओव्या सुरू झाल्या, आणि आत्या दारातनं ओठ हलवत होती, कारण त्या सगळ्या ओव्या तिलाच येत होत्या. माझ्या लग्नात आईनं ठरवून हळदीची वाटी पहिल्यांदा आत्याच्या हातात दिली. आत्यानं ती परत केली. आईनं पुन्हा दिली. दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या, कुणीच बोलेना. मग आत्यानं बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावायच्या ऐवजी आधी पायाला हळद लावायला लागली, हात इतका थरथरत होता की अर्धी हळद पाटावर. त्यानंतर ती ओव्या म्हणायला बसली ती रात्रीपर्यंत. माझ्या लग्नातलं मला दुसरं काही एवढं आठवत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झाला असेल-नसेल, तुझ्या अंगणात काय व्हायचं ते तुम्ही ठरवणार. पहिली हळद काकूंनी लावायची, सुनेची ओटी काकूंनी भरायची, आणि हे आयत्या वेळी नको, आधीच त्यांच्याशी बोल. आयत्या वेळी त्या नाहीच म्हणतील. दोन दिवस रडतील, मग तयार होतील. या गोष्टीला एक पैसा लागत नाही, आणि हिच्यावाचून बाकी कितीही केलंस तरी ते लग्न मला तुझं वाटणार नाही.

दागिन्यांचं थोडक्यात. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं गेलंय, नवीन काही करू नका. तुझ्या आजीचा साज काकूंनी जपून ठेवलाय. कोल्हापुरी साजाची पानं आणि मणी म्हणजे सोन्याच्या पत्र्यात लाख भरलेली असते, त्यामुळं थोड्या सोन्यात गळा भरतो, पण जुना झाला की दोरा कुजतो आणि पानं चेपतात. गुजरीतल्या सराफाकडं नेऊन नीट करून, पुन्हा गाठवून घे. मजुरी तेवढीच. जोडवी हुपरीच्या चांदीची घ्या. साडी तिच्या मामाकडची पिवळी, आणि जेवणाच्या वेळी तिला आईची नेसायची आहे म्हणाली, तर नेसू दे. तुला कोल्हापुरी पायताण मी घेऊन देतो, ते माझ्याकडं लागलं.

खर्च दोन्ही घरांत निम्मा-निम्मा, हे तुम्ही ठरवलंय ते लिहून ठेवा. तिच्या वडिलांना आपण मुलीकडचे म्हणून कमी पडतोय असं वाटत राहील, ते स्वभावानं तसेच दिसले मला. त्यांना एखादं काम दे, पैशाचं नको. पंगतीची देखरेख दे. इचलकरंजीहून येणाऱ्यांना परतायला गाडीची सोय लागेल, तीही त्यांनाच विचारून ठरव.

मामांशी मी रविवारी बोलतो. ते माझं ऐकतात, आणि खिरीचं नाव काढलं की अर्धं काम होतं.

तू एवढं कर: नोटिशीचे कागद, म्हणजे दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे दाखले, फोटो, या आठवड्यात गोळा कर. आणि पानांचा आकडा कळव, अंदाजे चालेल. चांगली खपली शिरोळकडच्या शेतकऱ्याकडनंच आणावी लागते, काका म्हणतात आत्ता सांगितलं तर तो बाजूला काढून ठेवील.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पेठेतला भाऊ