माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनमधील माळीकाकांना

सप्रेम नमस्कार.

आपले पूर्ण नाव विचारायचे राहूनच गेले आणि आपली बदली दुसऱ्या उद्यानात झाल्याचे कळले तेव्हा आपण निघून गेला होता, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे.

माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. अचानक झालेला आवाज त्याला सोसत नाही. तो दोन्ही कान दाबून खाली बसतो आणि बराच वेळ उठत नाही. घराजवळच्या एका बागेत तो असा बसला असताना ‘पोराला जरा वळण लावा’ हे शब्द ऐकून आम्ही परतलो होतो, आणि त्यानंतर वर्षभर त्याला कोणत्याही बागेत नेण्याचा धीर मला झाला नाही.

मंचेरजी जोशी चौकाभोवतीच्या पाच बागांपैकी ज्या बागेत आम्ही प्रथम शिरलो, तेथे मुलांचे क्रिकेट रंगात आले होते. आपण एकही प्रश्न न विचारता आम्हाला पलीकडच्या बागेतला सावलीतला बाक दाखवलात आणि सांगितलेत, “सुट्टी सोडून चारच्या सुमाराला येत जा. तेव्हा इथं आजी-आजोबाच असतात.” पुढच्या आठवड्यात पाइपचे तोंड अंगठ्याने दाबून पाण्याचा पंखा कसा करायचा, ते त्याला करून दाखवलेत. त्याला कोणी हात लावलेला चालत नाही, हेही आपल्याला सांगावे लागले नाही. पाइप गवतावर ठेवून आपण दोन पावले मागे सरकलात आणि त्याने तो स्वतःहून उचलला.

मात्र सर्वांत मोठे ऋण आहे ते रेन ट्रीच्या पानांचे. बागेतून निघायची वेळ म्हणजे आमच्यासाठी रोजचे रणकंदन असे. एका संध्याकाळी तो बाकाला घट्ट धरून रडत असताना आपण खाली वाकलेली एक डहाळी त्याच्या डोळ्यांसमोर धरलीत. या झाडाच्या प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानाच्या, बुडाशी एक इवलासा फुगीर सांधा असतो आणि उजेड ओसरला की त्यातील पाणी सरकून पर्णिका जोडीजोडीने मिटतात, हे मी नंतर वाचले, आपण त्याला एवढेच म्हणालात, “बघ, झाड निजायला लागलं. आता आपणही घरी जायचं.” तो रडायचा थांबला आणि प्रत्येक जोडी बोटाने दाखवत पाहत राहिला. तेव्हापासून तो स्वतःच वर पाहतो, “झाड निजलं” म्हणतो आणि चपला घालतो. ढग दाटून आले की पाने लवकर मिटतात, त्या दिवशी आम्हीही लवकर निघतो.

1896 च्या प्लेगने मुंबईतील कोंदट वस्त्यांची दैना झाल्यावर 1898 मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्याच योजनेतून दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते व या मोकळ्या बागा आखल्या गेल्या. ज्यांनी जमिनीची टंचाई असलेल्या या शहरात एवढी जागा झाडांसाठी राखली, त्यांचेही उपकार मी मानते. परंतु माझ्या मुलासाठी त्या जागेचे दार आपण उघडलेत. पाणी घालणे, पालापाचोळा गोळा करणे, रेन ट्रीच्या चिकट शेंगा वाटेवरून झाडून काढणे, एवढे काम अंगावर असताना आपण रोज त्याच्यासाठी दहा मिनिटे काढत होता आणि त्याबद्दल चहासुद्धा घेत नव्हता.

आपल्याला ओळखणाऱ्या कोणाच्या हाती हे पत्र पडले, तर त्यांनी ते आपल्याला वाचून दाखवावे, ही नम्र विनंती. पाइप आता दुसरे काका धरतात. पहिले चार दिवस तो लांबूनच पाहत होता. काल त्यांच्याजवळ गेला आणि त्याने हात पुढे केला.

आपली कृतज्ञ,
चारच्या सुमाराला येणाऱ्या मुलाची आई