सुटकेची तयारी गेटवर नको, कारागृहात दाखल होण्याच्या दिवशी करा: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

कारागृहातल्या गर्दीवर अधिवेशनात प्रश्न येतात, उत्तरेही मिळतात. 2022 अखेर देशातल्या कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांत दर चारांतले तीन कच्चे, म्हणजे न्यायाधीन. हे पत्र मात्र गेटबाहेर पडलेल्या माणसाबद्दल आहे. तो बाहेर आला की आपल्या खात्याची नोंदवही बंद होते आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

डॉ. इनग्रिड बिन्सवँगर यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या 30,237 जणांचा माग काढला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या 12.7 पट निघाला. त्यातले सर्वांत मोठे कारण अमली पदार्थ होते. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने घेतो. हे आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत. पण पहिला पंधरवडा नाजूक असतो, हे आपल्याकडे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. क्षयरोगाचे औषध किमान सहा महिने चालते. ते चालू असलेला बंदी संध्याकाळी अचानक जामिनावर सुटतो, हातात गोळ्या नसतात, आणि गावच्या आरोग्य केंद्राला त्याची खबरही नसते. मानसिक आजाराच्या आणि एचआयव्हीच्या औषधांचेही तेच.

दुसरा अभ्यास समाजशास्त्रज्ञ डेवा पेजर यांचा, 2003 मधला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्यांनी सारख्या पात्रतेचे उमेदवार नोकरी मागायला पाठवले. शिक्षेची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवाराला 34 टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असलेल्याला 17 टक्के. कृष्णवर्णीयांत हेच आकडे 14 आणि 5. म्हणजे डाग नसलेला काळा उमेदवार डाग असलेल्या गोऱ्याच्याही मागे. आपल्याकडे रंगाच्या जागी जात धरून हे आकडे पुन्हा वाचावेत, विशेषतः भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात. ‘सराईत’ हा शिक्का त्यांच्यावर गुन्ह्याआधीच बसलेला असतो.

आता कागदांचे बघू, कारण सगळे घोडे इथेच अडते. अटकेच्या वेळी अंगझडतीत मोबाइल, पाकीट, आधार कार्ड निघते, ते मुद्देमालात, म्हणजे पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूंत, जमा होते. सुटल्यावर ते परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो, त्यावर पोलिसांचे म्हणणे मागवले जाते, तारीख पडते. दरम्यान सिम 90 दिवस वापराविना पडून राहिले की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला तरी जातो. आधारला जोडलेला नंबर तोच, बँकेचा तोच. मग ओटीपी येत नाही. दोन वर्षे व्यवहार नसला तर बँक खातेही निष्क्रिय होते, आणि ते चालू करायला पुन्हा केवायसी. रेशन कार्डावरचे नाव टिकले असेल तर नशीब. काम देणारा ठेकेदार आधार आणि बँक पासबुक मागतो, तेवढेच नसते. गुन्ह्याची चौकशी त्याने केलेलीच नसते, तरी काम जाते.

शिक्षा भोगणाऱ्या पक्क्या कैद्याची सुटकेची तारीख शिक्षेतून मिळालेले माफीचे दिवस धरून आधी काढता येते. त्याच्यासाठी 90 दिवस आधी काम सुरू करणे कठीण नाही. कच्च्या कैद्याची तारीख कुणालाच ठाऊक नसते. म्हणून त्याची सुटकेची फाइल आत दाखल झाल्याच्या आठवड्यातच उघडली पाहिजे: आधार क्रमांक, घरच्या कुणाचा तरी चालू नंबर, चालू औषधे, मुद्देमालातल्या वस्तूंची यादी. आधार नसेल तर ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणकीय नोंद प्रणालीतून निघणारा अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा दाखला नोंदणीसाठी चालतो. आधारमधला नंबर बदलायला वेगळे कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात. महिन्यातून एकदा आधारचे यंत्र कारागृहात आणले तरी पुष्कळ काम होईल.

जामीन मिळूनही आत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितले आहे की जामीन आदेशापासून सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेच्या, सचिवांना कळवावे. केंद्राच्या गरीब कैदी योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी ठरावीक रकमेपर्यंत मदत आहे. रोख रक्कम हा मात्र अर्धाच प्रश्न. ऐपतदार जामीनदार मागितला की सातबारा, पगारपत्रक, रेशन कार्ड आले, आणि परजिल्ह्यातून आलेल्या मजुराच्या ओळखीत असा माणूस नसतो. तात्पुरत्या रोख जामिनावर सुटला तरी ठरलेल्या मुदतीत जामीनदार उभा करावाच लागतो. तो जमला नाही की पुन्हा आत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 खाली जामिनाला पात्र झालेल्या कच्च्या बंद्यासाठी न्यायालयात अर्ज करणे ही अधीक्षकांची जबाबदारी आहे. आधी कधीच दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर ही संधी मिळते; जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे वगळून. या याद्या दर महिन्याला निघतात का, हे आपण विचारावे.

शेवटचा मुद्दा खात्यांचा. कारागृह आपल्याकडे, सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचे काम पाहणारे जिल्हा परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे. सुटणाऱ्याची माहिती एका खात्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत पंधरवडा उलटून जातो. आमची मागणी एका पानाच्या नमुन्याची आहे: सुटकेच्या दिवशी बंद्याच्या संमतीने तो परिविक्षा अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे जावा, त्यावर आजार व पुढच्या तारखा असाव्यात, सोबत 14 दिवसांची औषधे आणि गावापर्यंतचे भाडे द्यावे. स्थानिक पोलीस ठाण्याला मात्र तो पाठवू नये. तिथे गेलेला कागद चॅप्टर केसच्या, म्हणजे प्रतिबंधक कारवाईच्या, फाइलला लागतो, असाच अनुभव आहे.

आपले,
कारागृह व पुनर्वसन क्षेत्रात काम करणारे वकील आणि समाजकार्यकर्ते