कोजागिरीलाच आलेला चुसोक

सुवॉन, 9 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आवाज सारखा तुटत होता आणि आई तू मध्येच "जेवलीस का" विचारून फोन बाबांकडे दिलास, त्यामुळे चुसोकचं, म्हणजे इथल्या कोरियन सुगीच्या सणाचं, सगळं सांगायचं राहूनच गेलं. आज सुट्टी आहे म्हणून नीट बसून टाईप करतेय. आज इथे यांच्या लिपीचा दिवस, त्याचीपण सुट्टी असते. 3 तारखेला राष्ट्र स्थापना दिन, मग शनिवार, मग चुसोकचे तीन दिवस, त्यातला एक रविवारी आला म्हणून बदली सुट्टी, आणि आज हे. उद्याची एक रजा टाकली की डायरेक्ट सोमवार, आणि ती टाकली नाही असा माणूस आमच्या ऑफिसात तरी सापडणार नाही.

बाबा, तुमच्यासाठी आधी पंचांग. चुसोक यांच्या चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी असतो, म्हणजे पौर्णिमेला. एरवी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास पडतो, गेल्या वर्षी 17 सप्टेंबरला होता, त्याआधी 29 सप्टेंबरला, जुनी कालनिर्णयं टाकली नसतील तर काढून बघा (टाकली नसणारच). म्हणजे आपला पितृपक्ष लागतो तेव्हा. पण यंदा यांचा सहावा महिना अधिक होता, हो, यांच्याकडेही अधिक महिना असतो, आणि आपला अधिक येणारे पुढच्या वर्षी ज्येष्ठात, त्यामुळे यंदा चुसोक महिनाभर पुढे सरकला आणि बरोब्बर 6 तारखेला आपल्या कोजागिरीवर येऊन बसला. तुम्ही दाराला नवं, नव्या भाताच्या लोंब्या, बांधत होतात त्याच दिवशी इथे यांचं नवं.

टीममधली मैत्रीण "एकटी काय करणार सुवॉनला बसून, चल आमच्या गावी" म्हणाली आणि मी गेले. तिचं माहेर गिम्जेला, दक्षिण-पश्चिमेला जल्ला प्रांतात. कोरियात जिथे बघावं तिथे डोंगर, पण गिम्जेला सपाट भातशेती क्षितिजापर्यंत, देशातलं भाताचं कोठारच ते. तिथे ब्योकगोल्जे नावाचा एक जुना बंधारा आहे, साधारण इसवी सन 330 मधला सांगतात, म्हणजे भाताला पाणी पुरवायची खटपट तिथे किती जुनी ते बघा. जाताना ट्रॅफिक इतका की नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागला. चुसोकच्या दिवसांत सरकार एक्स्प्रेसवेचा टोल माफ करतं, आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना करतात तसाच, आणि टोल माफ केला म्हणून रस्ता काही रिकामा होत नाही तेही तसंच. वाटेत गाडी थांबवून लोक अक्रोड घातलेले छोटे गोल केक खातात, गरम गरम, आत लाल बियांचं गोड पुरण. ते मात्र मस्त होते.

आदल्या दिवशी दुपारी सोंगप्यॉन करायला बसलो. आई, हे तुला वाचून दाखवायला हवं होतं कुणीतरी, कारण तू म्हणशील ही पोरगी थापा मारतेय. भिजवलेले तांदूळ गिरणीतून दळून आणायचे, पिठीत कढत पाणी घालून मळायचं, लिंबाएवढी गोळी घेऊन अंगठ्याने खोलगट पारी करायची, आत सारण, आणि बंद करून वाफवायचं!! सारण म्हणजे भाजलेले तीळ कुटून त्यात साखर किंवा मध, नाहीतर चेस्टनट, नाहीतर हिरव्या मुगासारख्या बियांचं. नारळ नाही आणि आकार अर्धचंद्राचा, एवढाच काय तो फरक. पांढरे, नागदवण्याच्या जातीच्या एका पाल्याने हिरवे केलेले आणि फळाच्या रसाने गुलाबी. आपण मोदकाखाली हळदीचं पान घालतो, हे चाळणीत पाईनच्या झाडाच्या सुया पसरतात, त्यांचा वास लागतो आणि एकमेकांना चिकटतही नाहीत. बाहेर काढले की तिळाच्या तेलाचा हात. म्हणतात ज्या पोरीचे सोंगप्यॉन देखणे होतात तिला मुलगी देखणी होते. मी सवयीने एकाला कळ्या पाडल्या आणि वर टोक काढलं, तर मैत्रिणीच्या आजीने तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला, कोरियनमध्ये काहीतरी बोलली ज्यावर सगळे हसले, आणि मग चाळणीत मधोमध ठेवला. चवीला कसे विचारशील तर कमी गोड. तुझा एक उकडीचा समोर असता तर यांच्याकडे बघितलंही नसतं, पण तो तिथे नव्हता.

आणि तांदूळ नवाच लागतो बरं का. पण ऑक्टोबरचं सोडा, एरवी सप्टेंबरमध्ये चुसोक आला की मुख्य पीक कापायचं असतं अजून, म्हणून पूर्वी लवकर येणाऱ्या भाताचे सोंगप्यॉन करायचे. आपलं हळवं. बाबा, मी त्यांना हळवं, निमगरवं, गरवं सगळं समजावून सांगितलं मोबाईलमधल्या ट्रान्सलेटरला मध्ये घेऊन, आजोबांना एकदम कळलं, मैत्रिणीला काही कळलं नाही, तिला वाटतं तांदूळ सुपरमार्केटमध्ये येतो. मग आजोबांनी जे सांगितलं त्यासाठी तर मी हे पत्र लिहायला घेतलंय असं समजा. त्यांच्या लहानपणी त्या भागात चुसोकच्या सुमारास भाताच्या, ज्वारीच्या, राळ्याच्या चांगल्या भरलेल्या लोंब्या-कणसं निवडून जुडी बांधायचे आणि घराच्या खांबाला नाहीतर दारावर टांगायचे. ओल्गेशिम्नी म्हणतात त्याला. त्याच दाण्यांचं पुढच्या वर्षी बियाणं करायचं. आता कुणी करत नाही म्हणाले. मी लगेच फोनमधला आपल्या दाराचा गेल्या वर्षीचा फोटो दाखवला, आंब्याचं पान, लोंबी, झेंडू, सगळं दिसत होतं त्यात, तर म्हातारा किती वेळ फोन झूम करून बघत बसला. तुम्ही अजूनही गाडीच्या हॅंडललासुद्धा बांधता हे ऐकून तर खूशच झाले.

सणाच्या सकाळी चार्ये. म्हणजे पूर्वजांचं पान वाढणं, त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही. आपण तीन पिढ्यांची नावं घेतो, यांच्या रीतीत चार पिढ्या. कागदावर नावं लिहून उभी करतात, समोर टेबलावर सगळं मांडतात, दारू ओततात (हो बाबा, पूर्वजांना दारू, आणि नंतर तीच सगळे घोटघोट घेतात), मग जमिनीला डोकं टेकवून नमस्कार. मांडायचे नियम विचारू नका, लाल फळं पूर्वेला पांढरी पश्चिमेला, मासे पूर्वेला मांस पश्चिमेला, खजुरासारखी बोरं, चेस्टनट, पेर, पर्सिमन ठरलेल्या क्रमाने. पीच चालत नाही, त्याने आत्मे पळून जातात म्हणे. आणि या पानात लसूण नाही, लाल मिरची नाही! एरवी ज्या देशात लसणाशिवाय पाणीसुद्धा उकळत नाहीत तिथे पूर्वजांचं मात्र बिनलसणाचं. अळकुड्यांचं पातळ सूपही असतं, आणि तीन रंगांच्या भाज्या, पालक, एक पांढरं मूळ आणि नेच्याचे कोवळे कोंब. मी काय खाल्लं हा प्रश्न मनात आला असेल तर हेच, पोटभर, काळजी करू नको. कावळा नव्हता. कावळ्याचं सांगितलं तर मैत्रीण म्हणाली इथे कावळा अशुभ, दारात आला तर हाकलतात.

नंतर सगळे डोंगरावर थडग्यांपाशी गेलो. गवताचे गोल उंचवटे असतात ते, काही आठवडे आधी येऊन घरातले पुरुष गवत कापून ठेवतात.

बाकी देशांचं थोडक्यात सांगते कारण आमच्या मजल्यावर सगळ्या जगाचे लोक आहेत आणि या महिन्यात प्रत्येकाच्या डेस्कवर डबा असतो. चिनी सहकाऱ्याने मूनकेक दिले, कमळाच्या बियांचं पुरण आणि मध्ये खारवलेल्या अंड्याचा बलक, तो चंद्र. दिसायला सुंदर आणि एक तुकडा खाल्ला की पुढचे दोन तास जेवण नको. तैवानमध्ये याच पौर्णिमेच्या रात्री लोक रस्त्यावर शेगड्या मांडून बार्बेक्यू करतात. जपानमध्ये तांदळाच्या पिठाचे पंधरा पांढरे गोळे रचून ठेवतात, शेजारी गवताचे तुरे, आणि मॅकडोनाल्ड्सवाले 1991 पासून दर शरद ऋतूत चंद्र म्हणून अंडं घातलेलं बर्गर विकतायत, म्हणजे परंपराच झाली म्हणायची. दादाचं थँक्सगिव्हिंग येत्या सोमवारी आहे. कॅनडात ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, हे 1957 मध्ये पक्कं केलं त्यांनी, अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. कॅनडात थंडी लवकर म्हणून पीकही लवकर घरात. टर्की, क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस आणि लाल भोपळ्याचा पाय, त्यात दालचिनी, लवंग, जायफळ. वहिनी म्हणाली ती या वेळी त्याच भोपळ्याचे घारगे करणारे आणि पाय विकत आणणारे. मला हे फार पटलं.

आता मुद्द्यावर येते. आई, रागावू नकोस.

चुसोकच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणीची आई, काकू आणि आत्या जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून इलेक्ट्रिक तव्यासमोर बसल्या आणि जॉन तळत राहिल्या (भोपळ्याच्या, माशाच्या, खिम्याच्या अंड्यात बुडवलेल्या चकत्या, असंच म्हणतात त्यांना). किती वेळ ते मी मोजलं नाही, पण बाहेर अंधार झाला, पुरुषांच्या दोन मॅच बघून झाल्या, तरी परात भरायचीच होती. उठताना तिची आई जमिनीला हात टेकून, मग गुडघ्याला हात लावून, मग भिंतीला धरून उठली ना, ते बघून मला दुसरं कुणी आठवलं नाही. इथे तर सणाच्या दिवसांत बायकांना होणाऱ्या अंगदुखी-डोकेदुखीला, चिडचिडीला वेगळं नावच आहे, दर वर्षी पेपरात येतं.

तर 2022 च्या सप्टेंबरमध्ये काय झालं ऐका. सोलमध्ये संग्युन्ग्वान म्हणून कन्फ्युशियस परंपरेची संस्था आहे, 1398 पासूनची, या रीतीभातींत तिचा शब्द मोठा. तिने जाहीर केलं की चार्येला तळलेलं करायची गरजच नाही. नऊ पदार्थ पुष्कळ झाले, कमी केलेत तरी चालतील. आणि ते फळांचे लाल पूर्वेला पांढरे पश्चिमेला वगैरे नियम, ते जुन्या ग्रंथांत नाहीतच, जमेल तसं मांडा. बाबा, आणि दाखला कुणाचा, तर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या किम जांग-सेंग नावाच्या त्यांच्याच मोठ्या पंडिताचा, की तळलेलं-तुपकट वाढणं ही रीत नव्हे. म्हणजे सोवळ्यातल्या मंडळींनीच पोथी उघडून सांगितलं की बायांनो उठा आता. मैत्रिणीच्या घरी हे सगळ्यांना माहितीय. तरी तळतात, "आजोबांना आवडतं" म्हणून. आणि आजोबांना विचारलं तर ते म्हणाले मला फक्त सूप आवडतं.

मला बाबांनी सांगितलं (बाबा, सॉरी, सांगतेय) की सर्वपित्रीला तू पहाटे उठलीस, वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, भजी, दोन कोशिंबिरी सगळं एकटीने केलंस आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नाही. डॉक्टरांनी उभं राहू नका सांगितलंय ते श्राद्धाला लागू नाही का? आजीचं पान वाढायचं तर खीर आणि वडे पुरे. आजी स्वतः काय खायची आठवतंय ना, दूधभात. आणि बाबा, तुम्ही सही करताय का या प्रस्तावावर? नुसतं "मी तिला सांगतो, ती ऐकत नाही" चालणार नाही. वडे तुम्ही थापायचे, भाजी तुम्ही चिरायची. टीव्ही चालू ठेवून चिरता येते.

दिवाळी दहा दिवसांवर आली. चकली, कडबोळी, अनारसे बाहेरून मागवा, मी आत्ताच पैसे पाठवतेय आणि "घरच्यासारखी चव नाही" हे मला माहितीय, सांगायची गरज नाही. लाडू कर फक्त, बसून, खुर्चीवर. सोऱ्या माळ्यावरून काढायचा नाही. बाबा, तुम्हीपण चढायचं नाही त्यासाठी.

शेतावर हळवं कापून झालं का? परतीच्या पावसात भिजलं नाही ना? पेंढ्या घरात आल्या की फोटो पाठवा, आजोबांना दाखवायचाय, त्यांनी दोनदा विचारलंय मैत्रिणीकडे.

तुमची
चिऊ

ता. क. आई, आता तू सोंगप्यॉन करायला घेशील ही मला खात्री आहे. नको घेऊ. पाईनच्या सुया तिथे मिळत नाहीत आणि मोदक त्याहून चांगले लागतात. ऑफिसने सणाची भेट म्हणून तिळाच्या तेलाच्या बाटल्या दिल्यात (बाकीच्यांना डबाबंद मांसाचे खोके मिळाले, इथे तीच भारी भेट समजतात), त्यातल्या दोन डिसेंबरला आणते, गुडघ्याला चोळायला नाही, चटणीवर घालायला.