कोडाला कुष्ठ का म्हणता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात 'श्वेतकुष्ठ? पंधरा दिवसांत डाग गायब' अशी जाहिरात होती. पारोळ्याच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे. त्या दिवशी आखाजीची गर्दी होती. एका माहेरवाशिणीने हात पुढे केला, माझी बोटं पाहिली आणि मागे घेतला. "तुना हातले हाई काय व्हयनं वं?" मी बोलायच्या आत शेजारची म्हणाली, "कुष्ठ शे."

कुष्ठ नाही हो, माझ्या बोटांवर कोड आहे, म्हणजे पांढरे डाग. आणि असतं तरी ते सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्यांनी बरं होतं. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, त्याच्या चट्ट्याला टोचलेलं कळत नाही. माझ्या डागावर बांगडीची काच लागली तर टचकन पाणी येतं डोळ्यांत. कोडात रोगांशी लढणारी आपलीच शक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. शिवल्याने ते लागत नाही. दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. मी तर लहानपणापासून माळकरी.

अशीच जाहिरात वाचून नऊ वर्षांपूर्वी मी बावचीच्या बियांचं तेल मागवलं. लावून उन्हात बसा म्हणाले. ऊन खानदेशातलं, तेही मे महिन्यातलं! मनगटभर फोड आले, आणि ते सुकले तिथे नवे डाग. बावची लावलेली कातडी उन्हात भाजते आणि जखमेच्या जागी कोड नव्याने उठू शकतं, हे पुढे धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं. त्यांनी थायरॉइड तपासलं, मलम दिलं, यंत्राखाली मोजून अतिनील किरण दिले. मानेवरचा डाग वर्षभरात भरत आला. बोटांच्या टोकांवर रंग सहसा परत येत नाही, हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. टिकलीच्या डिंकातल्या रसायनानेही कपाळाचा रंग जाऊ शकतो, हेही त्यांच्याकडूनच समजलं. आता टिकलीचं पाकीट देताना गिऱ्हाइकाला मी तेवढं सांगते, धंदा बुडाला तरी.

माझा भाचा वकिली शिकतो. त्याने 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा काढून दाखवला. ज्या आजारांवर हमखास औषध असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत पांढरे डागही आहेत. संपादकसाहेब, पुढची जाहिरात घेण्याआधी ती यादी बघा. आणि बातमीत 'कोड' लिहा, नाहीतर 'पांढरे डाग'.

आपली,
एक कासारीण, पारोळा (जि. जळगाव)